मुंबईची खुर्ची, गावची पडवी: कोकणातलं १९४० ते १९७० चं फर्निचर कसं शोधावं, पारखावं आणि सांभाळावं

कोकणात जुनं सामान शोधायला येणारे बहुतेक जण शिसवी पलंग आणि पितळी कड्यांचा झोपाळा यांच्यामागे असतात. त्याच घराच्या पडवीत, पोटमाळ्यावर किंवा मागच्या मांगरात स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आलेलं सामान पडून असतं. निमुळत्या तिरक्या पायांची तिपाई, गोल कोपऱ्यांचं आरशाचं टेबल, रुंद हातांच्या बुटक्या खुर्च्या, पत्र्याचं कपाट, लाकडी पेटीचा रेडिओ. घरच्यांना ते फार जुनं वाटत नाही आणि बाहेरच्यांना पुरेसं पुरातन वाटत नाही. त्यामुळे घर पाडायला निघालं की सगळ्यात आधी तेच चुलीत किंवा भंगारात जातं. हा लेख त्या सामानासाठी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: कोकणातलं या काळातलं फर्निचर समजून घ्यायचं असेल, तर चाकरमान्याचा मुंबईपासून गावापर्यंतचा प्रवास समजून घ्यावा लागतो. तो कळला की कुठे शोधायचं, काय घ्यायचं आणि काय जागच्या जागी राहू द्यायचं, हे ठरवणं सोपं जातं.

सामान आलं कुठल्या वाटेनं

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये. त्याआधीची कित्येक दशकं मुंबईहून येणारी माणसं आणि त्यांचं सामान समुद्रावरून यायचं. आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत जात. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावातून किनाऱ्याला लागत. हलत्या पडावातून उतरवता येईल तेवढंच सामान मुंबईहून निघे: घडीच्या खुर्च्या, सुटी होणारी टेबलं, आरसे, घड्याळं, रेडिओ. त्याहून मोठं असलं तर गलबतातून. म्हणून मुंबईत घडलेलं सामान शोधताना मी आधी बंदरगावं आणि खाडीकाठची गावं बघतो.

आत, सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत वेगळंच काही सापडतं, आणि माझ्या मते कोकणातला खरा ऐवज तोच आहे. मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत नोकरी करणारा माणूस साहेबाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरातली खुर्ची बघून यायचा आणि गावच्या सुताराला तिचं वर्णन करायचा. कधी कागदावर काढून दाखवायचा. सुतार ती आपल्या हाताच्या सवयीनं, परसातल्या फणसाची, सागाची किंवा ऐनाची बनवायचा. आकार मुंबईचा, पण हात चांगले रुंद, पानाचा डबा किंवा कपबशी मावेल एवढे. वेत मिळाला नाही तिथे पट्ट्या ठोकलेल्या. पाय तिरके, पण मूळ नमुन्याहून जाड, कारण खाली शेणाने सारवलेली जमीन आहे हे सुताराला माहीत होतं. अशी खुर्ची एकच असते, तिची जोडी दुसऱ्या गावात मिळत नाही. ती दिसली तर मुंबईच्या सुबक नमुन्याआधी तिच्याकडे बघा.

आणखी दोन वाटा लक्षात ठेवाव्यात. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड भागातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर होती. रंगून, पूर्व आफ्रिका, केपटाउन इथवर त्यांची घरं पसरली होती. त्यांच्या जुन्या घरांत रंगीत काच, परदेशी फरशा, ब्रह्मी सागाचं सामान यांची आवड दिसते. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल भागातले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. इतक्या लांब जाताना जड कपाटं-टेबलं कोण नेणार? त्या भागात जुनं टेबल दिसलं, तर ते शेजारच्या कुणाकडून आलं का, हा प्रश्न आवर्जून विचारावा.

यादी करा, पण छोटी

एकदम सगळं गोळा करायला निघालात तर घर वखार होईल. आधी एकच विषय धरा. नवख्याला मी खुर्च्या सुचवेन. त्या उलट्या करून बघता येतात, छोट्या टेम्पोत मावतात, आणि एका खुर्चीत लाकूड, सांधा, वेत, पॉलिश या चारही गोष्टींचा अभ्यास होतो.

खुर्च्यांनंतर कपाटं आणि जाळीची फडताळं, मग दिवे. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ उभ्या राहिलेल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील कोकणात घरोघर होता, अजूनही सापडतो. त्यावरची काच बहुधा बदललेली असते, त्यात कमीपणा मानू नका. गॅसबत्त्या, चिनीमातीच्या बरण्या, इनॅमलचे टोप, बेकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) बटणं, भिंतीवरच्या तसबिरी आणि जुनी कॅलेंडरं हे सगळं याच काळाचं आहे आणि लहान घरात राहणाऱ्यालाही जमण्यासारखं आहे. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांची कॅलेंडरं घराघरांत चौकटीत बसवलेली असत. चौकट उघडायची घाई करू नका, ओलाव्यानं कागद काचेला चिकटलेला असतो.

घर पाडलं जात असेल तर जमिनीकडेही बघा. रंगीत सिमेंटच्या लाद्या बनवणारा एक मोठा भारतीय कारखाना १९२२ मध्ये इथेच, उरणला सुरू झाला. निघाल्या तर एका खोलीच्या सगळ्या लाद्या, कडेच्या पट्टीसकट, एकत्र घ्याव्यात. सुट्या दहा लाद्यांना नक्षी राहत नाही.

एक इशारा. चंदीगडसाठी १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार पिएर जानरे आणि सहकाऱ्यांनी आखलेल्या, उलट्या व्हीच्या पायांच्या खुर्च्यांना परदेशी लिलावांत प्रचंड किंमत आली. तेव्हापासून त्यांच्या नकला सगळीकडे आहेत. कोकणात कुणी ‘अस्सल चंदीगड’ दाखवली तर ती नवी आहे असं धरूनच चाला. नक्कल म्हणून आवडली तर नकलेच्या भावात घ्या.

कधी जावं, कुणाला विचारावं

गणपतीत घर भरलेलं असतं, माळ्यावरचं सगळं खाली आलेलं असतं. म्हणून लोक तेव्हा जातात. मला ते पटत नाही. घरात देव बसलेला असताना ‘हे विकता का’ विचारू नये. बघून घ्या, ओळख करून घ्या, आरतीला बसा, विषय काढू नका. शिमग्यालाही तेच. बोलणी करायला मे महिना बरा. भावंडं एकत्र असतात, घराचं काय करायचं यावर चर्चा चाललेली असते, आणि होकार किंवा नकार सगळ्यांसमोर मिळतो. पाडकामं बहुधा दिवाळीनंतर निघतात. त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गावात चक्कर असावी.

बातमी कोणाकडून मिळते? दलालापेक्षा गावचा सुतार, जुनं लाकूड घेणारा वखारवाला, भंगारवाला, मंडप-डेकोरेशनवाला आणि पोस्टमन यांना जास्त माहिती असते. मंडपवाल्यांना लोक सहज विसरतात. त्यांच्या गोदामात पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, लाकडी बाक, जुने दिवे पडून असतात, आणि ते स्वतःचं सामान विकत असल्यामुळे मालकीचा प्रश्नही येत नाही. बंद पडलेली खानावळ, जुनं केशकर्तनालय, शिंपी, डॉक्टरांचा जुना दवाखाना इथेही बघा. दवाखान्यांतली बाकं आणि काचेची कपाटं फार चांगली असतात.

नजर तयार करायला मुंबईत चोरबाजारची मटण स्ट्रीट आणि ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार फिरून या. घेऊ नका, नुसतं हात लावून बघा, भाव ऐका. गावात गेल्यावर तो भाव उपयोगी पडतो, तुम्हाला आणि मालकालाही.

ओटीवर बसल्यावर

घरात शिरल्या शिरल्या वस्तूकडे बोट दाखवू नये. चहा येतो, तो घ्यावा. घरात मोठी बाई असेल तर तिच्याशी आधी बोला, कारण कुठली वस्तू कधी आली हे तिलाच नीट आठवतं. “काकी, ही खुर्ची कुणी करून घेतली?” एवढा प्रश्न पुरतो. “ती आमच्या मामंजींनी मुंबयसून हाडलेली” असं उत्तर आलं की पुढची माहिती आपोआप येते: कुठल्या साली, कुठल्या चाळीतून, कुठल्या बोटीनं. हे लगेच लिहून घ्या. वस्तू मिळो न मिळो, ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

मग मालकीचा प्रश्न. कोकणातली कितीतरी घरं सामाईक आहेत. घरात राहणारा एक भाऊ, हिस्सेदार मात्र मुंबई, पुणे, बडोद्यात. गावात असलेल्यानं होकार दिला आणि तुम्ही कपाट उचललंत, तर गणपतीत त्या घरात भांडण होतं आणि ते वर्षानुवर्षं मिटत नाही. म्हणून इतरांना फोन लावायला सांगा, स्पीकरवर बोला. साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख आणि देणाऱ्यांच्या सह्या घ्या. एकाचाही नकार असेल तर सोडून द्या. याबाबतीत मी तडजोड करत नाही.

देवघरातलं, देवळातलं, ग्रामदेवतेच्या कामातलं काहीही विकत घेऊ नये, कुणी स्वतःहून देत असलं तरी. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, मूर्ती वगैरे पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षं आहे. आपल्या काळातलं फर्निचर यात येत नाही, पण त्याच माळ्यावरच्या मूर्ती आणि पोथ्या येऊ शकतात. पाडकामातले सुटे वासे, खांब, फळ्या घेणार असाल तर निघण्याआधी तालुक्याच्या वनविभागाच्या कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. शिसवी वस्तू परदेशात पाठवायची असेल तर ती साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, परवान्याची चौकशी आधी करा.

खण, कप्पे, चोरकप्पे मालकासमोर उघडा. पत्रं, फोटो, पासबुकं, कुणाच्या तरी नावाचा दाखला निघाला तर तो जागेवरच परत द्या. ते विक्रीत धरलेलं नसतं.

पारख: वस्तू उलटी करा

वरची बाजू पॉलिशची असते, खालची खरी. चांगली बॅटरी, टेप, छोटं लोहचुंबक, बारीक सुई आणि कापसाचे बोळे एवढं सामान खिशात ठेवा.

लाकूड आधी. सागाचा रंग सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आतल्या कोपऱ्यात हलकं खरवडलं की कातड्यासारखा वास येतो. शिसव जड आणि काळपट जांभळी, तीत गडद रेषा दिसतात. फणस ताजा असताना पिवळा असतो आणि वयानुसार तांबूस तपकिरी होतो; बैठकीखाली, उजेड न लागलेल्या जागी पिवळेपणा टिकलेला दिसतो. ऐन गडद आणि जड. आंबा हलका, फिकट आणि किड्यांना प्रिय. काळा रंग चढवून आंब्याची वस्तू शिसवी म्हणून विकली जाते. उचलून बघा, वजनच सांगतं. एकाच वस्तूत दोन-तीन लाकडं असली तर ती बनावट समजू नका. गावचा सुतार पायाला एक, पाठीला दुसरं असं सहज वापरायचा.

मग सांधे. जुन्या हाताचा सांधा खाचेत बसवून लाकडी खुंटीनं पक्का केलेला असतो, आणि खुंटीचं टोक काळाबरोबर किंचित वर आलेलं बोटाला लागतं, कारण लाकूड आडवं आटतं, लांबीत जवळजवळ आटत नाही. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल (पक्ष्याच्या शेपटीसारखे एकमेकांत बसणारे दाते) एकसारखे नसले तर ते हातानं कापलेले. स्क्रूच्या डोक्यावर सरळ एकच खाच असेल तर चांगलं. फुलीचे स्क्रू दिसले तर निदान दुरुस्ती तरी पुढे झालेली आहे. खुर्चीत बसून डावी-उजवीकडे हलवा. सांधा हलला तर काळजी नको, तो पुन्हा चिकटतो. पाय सांध्यालगत उभा चिरला असेल तर मात्र विचार करा.

कीड ओळखायला शिका, कारण एक किडकी खुर्ची घरातल्या बाकी लाकडाला धोक्यात घालते. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि आतून पोकळ करते, ठोकल्यावर आवाज बदलतो. पोखरकिडा टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पाडतो, खाली पिठासारखा भुसा पडतो. भोकं जुनी की चालू, हे कळायला वस्तूखाली काळा कागद आठवडाभर पसरून ठेवा. नवा भुसा पडला तर आत किडा जिवंत आहे. सागाचा गाभा सहसा किडत नाही, पण कडेचा पांढुरका भाग किडतो. नेमक्या त्या भागाचा पाय बनवला असेल तर सुई सहज आत जाते.

पाण्याची खूण हा कोकणातला स्वतंत्र विषय आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या घरांची छपरं उडाली आणि माळ्यांवर पाऊस कोसळला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. त्यातून वाचलेलं सामान आजही बाजारात फिरतं. सगळ्या पायांवर एकाच उंचीला रंगाची आडवी रेघ, खणाच्या तळाशी सुटलेलं प्लायवूड, सांध्यांत वाळलेला बारीक गाळ, खिळ्यांभोवती काळे डाग, या खुणा. भरीव सागाची पूर पाहिलेली खुर्ची घ्यायला हरकत नाही. प्लायवूडचं किंवा व्हेनियरचं (वर पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेलं) कपाट घेऊ नका, ते पापुद्रे सोडतच राहतं.

पत्र्याच्या कपाटांबद्दल दोन शब्द. गोदरेजनं पोलादी कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली आणि मुंबईतली नोकरी स्थिरावली की गावच्या घरात एक कपाट येई. खाऱ्या हवेनं ती तळाकडून गंजतात. लोहचुंबक खालच्या पट्टीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा जाऊन लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चावी चालते का ते तिथेच तपासा. मूळ रंग ओरखडे पडलेला असला तरी राहू द्या.

साल कसं ठरवायचं

‘ऐंशी वर्षांचं आहे’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यावर विसंबू नका, कागद आणि चिठ्ठ्या शोधा. खणात किंवा पाठीला दुकानाचं लेबल, पावती, खडूनं लिहिलेली किंमत असते. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘मुंबई ४’ असा नुसता विभाग असेल तर बहुधा त्याआधीचं. ट्रंकेवर किंवा पेटीवर रंगवलेला पत्ता नीट वाचा. ‘जि. कुलाबा’ असेल तर साधारण १९८१ आधीचा, त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तोही तसाच, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. रेडिओच्या पट्टीवर ‘सिलोन’ छापलेलं असेल तर तो बहुधा १९७२ पूर्वीचा.

खणात अंथरलेलं वर्तमानपत्र मात्र फसवतं. त्या तारखेला खण अस्तित्वात होता, एवढंच त्यावरून कळतं.

लेबल नसेल तर आकारावर जा. गोलवलेले कोपरे, पायऱ्यांसारखे कंगोरे, गोल किंवा तीन पाखांचा आरसा, चकचकीत व्हेनियर हा मुंबईच्या आर्ट डेको इमारतींचा काळ, साधारण १९३५ ते १९५०. निमुळते तिरके पाय, बुटकी बैठक, कोरीव काम जवळजवळ नाही, सनमायकाचा पृष्ठभाग, रेक्झिनची गादी हे त्यानंतरचं. गावापर्यंत ही फॅशन उशिरा पोचे, म्हणून सुतारानं बनवलेली वस्तू दहा-पंधरा वर्षं नंतरची धरा.

भाव

घेतल्याची किंमत ही अर्धीच गोष्ट. सुतार, वेत, पॉलिश आणि वाहतूक यांचा अंदाज तिथेच कागदावर मांडा, मग बोला. मालकाला शहरातला भाव माहीत नसेल तर तो सांगा. तुम्ही गावात पुन्हा जाणार आहात, आणि खरं बोलणाऱ्याला पुढच्या घराची बातमी पहिली मिळते. चार खुर्च्यांचा संच असेल तर चारही घ्या, परवडत नसतील तर चारही राहू द्या. फोडलेला संच नंतर कधी जुळत नाही.

उतरवणं आणि नेणं

जुन्या घरांचे दरवाजे बुटके आणि अरुंद असतात. मोठं कपाट किंवा पलंग खोलीतच जोडलेला असतो, तो अखंड बाहेर निघत नाही. सोडवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक सांध्यावर खडूनं जुळते आकडे घाला, स्क्रू कापडी पिशवीत घालून त्याच भागाला बांधा. तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप आधीच घेऊन या.

आरसा आणि संगमरवरी फळी नेहमी उभी न्यावी, आडवी टाकली की खड्ड्यात तडकते. पॉलिशवर थेट प्लास्टिक गुंडाळू नका, आतल्या दमटपणानं पांढरे डाग पडतात. आधी जुनी सुती चादर किंवा गोधडी, वर गोणपाट, मग दोरी. किनाऱ्यानं जाणार असाल तर वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे या फेरीबोटी खाड्या ओलांडून देतात आणि लांबचा वळसा वाचतो. भरलेल्या टेम्पोला चढू देतात का, ते आदल्या दिवशी विचारा. अलिबागकडून मुंबईला मांडवा–भाऊचा धक्का ही रो-रो (गाड्या नेणारी बोट) सोयीची. कुंभार्ली, आंबा, आंबोली घाट उतरायचे-चढायचे असतील तर काम मे अखेरीपर्यंत उरका.

घरी आल्यावर: आधी काहीच करू नका

कोकणातलं लाकूड वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेलं असतं. पुण्याला, सोलापूरला किंवा एसीच्या खोलीत आणलं की ते आटतं, आणि घाईनं आटलं तर चिरतं. पहिले काही आठवडे वस्तू सावलीत, एसी आणि पंख्याच्या झोतापासून दूर, बाकी लाकडी सामानापासून वेगळी ठेवा. याच काळात काळ्या कागदाची परीक्षाही होते. कीड चालू असेल तर पॉलिश नसलेल्या बाजूंवर बोरिक ॲसिड-बोरॅक्सचं द्रावण हातमोजे घालून लावा आणि भोकांत सिरिंजनं सोडा. प्रकरण मोठं असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. काजूच्या टरफलाचं तेल गावाकडे वाशांना लावतात आणि तिथे ते उत्तम काम करतं. खुर्चीला लावू नये. ते कातडी भाजतं आणि लाकूड काळं करतं.

याच्या उलट, पावसाळ्यात खण अडकला तर रंधा मारू नका. फुगलेलं लाकूड दिवाळीनंतर आपोआप आटतं आणि रंधलेला खण मग कायमचा ढिला राहतो. तोवर घसरपट्टीवर मेणबत्ती घासा.

साफसफाई कोरड्या मऊ ब्रशनं सुरू करा, मग घट्ट पिळलेल्या कापडानं. त्यानंतर पॉलिश ओळखा. लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवला आणि चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. ते खरवडून काढायची गरज बहुतेक वेळा नसते. त्याच पॉलिशचे पातळ हात वर दिले की जुनं आणि नवं एकजीव होतं. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. चमकदार पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचा आग्रह धरणारा पॉलिशवाला असेल तर दुसरा शोधा. एनॅमल रंगाची वस्तू कोरडी घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओल्या पॉलिश पेपरनं, मास्क लावून, मुलांपासून दूर.

वेत गेलेला असेल तर प्लास्टिकची जाळी मारू नका. मुंबई-पुण्यात अंध कारागिरांना वेतकाम शिकवणाऱ्या संस्था आहेत, हातानं विणणारे इतर कारागीरही मिळतात. वेळ लागतो, लागू द्या. गादी उसवली आणि आत काथ्या निघाला तर तो धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतो. आरशावरचे काळे ठिपके राहू द्यावेत.

वाल्व्हचा रेडिओ आणल्या आणल्या प्लगमध्ये लावणं धोक्याचं आहे. आतले कपॅसिटर खराब झालेले असतात आणि काही संचांत आतल्या पत्र्यातच वीज येते. जुन्या मेकॅनिककडून सिरीज बल्बवर तपासून घ्या. जुन्या दिव्यांची वायर सरसकट बदला, बेकेलाइटचं बटण तेवढं ठेवा. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं जुनं घड्याळ असेल तर त्याची काच घरी उघडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं.

नोंद

प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी करा: गाव, वाडी, घर कुठल्या दिशेचं, वस्तू घरात कुठे ठेवलेली होती, कुणी आणली किंवा घडवली, लाकूड कोणतं, दुरुस्तीत काय बदललं. सुताराचं नाव घरच्यांना आठवत असेल तर ते सगळ्यात वर. गावच्या सुतारांनी सही कधी केली नाही, त्यामुळे ही एकच नोंद उरते. चिठ्ठीची एक प्रत त्या घरी पाठवा, सोबत दुरुस्तीनंतरचा फोटो. पुढे कधी विकायची वेळ आली तर आधी त्या घरी विचारा. पुढच्या पिढीला वस्तू परत हवीशी वाटते, असं घडतं.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई दमट हवेत पसरते. खिळा किंवा फेविकॉल वापरू नका. सुती पिशवीत घालून बैठकीखालच्या पट्टीला सुतळीनं बांधा.